घोड्याने राहावे कोठे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे 'नगरनियोजन आणि घोडे' असे शब्द पाहून काही जणांनी मघाशी चहाच्या वेळी मला विचारले की, महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव सोडून हा कोणता विषय काढलात? त्यांची शंका रास्त आहे. घोड्यावर पोट भरणारी माणसे आज महाराष्ट्रात उरली तरी किती? पण एखाद्या नियमाचे खरे स्वरूप पाहायचे असेल, तर तो सर्वांत थोड्या आणि सर्वांत दुबळ्या माणसांना जेथे भिडतो तेथे जाऊन पाहावे, असे माझे मत आहे. गिरणी कामगारांच्या प्रश्नावर शासनाला निदान बोलावे तरी लागत असे. घोडेवाल्याच्या प्रश्नावर कोणालाच बोलावे लागत नाही. त्यामुळे त्याच्याशी वागताना व्यवस्थेच्या चेहऱ्यावर मुखवटा नसतो.

घोडा कोठे ठेवावा, कोणी ठेवावा आणि तो भाड्याने द्यावा की नाही, हे नियम वरवर पाहता आरोग्याचे आणि स्वच्छतेचे आहेत. प्रत्यक्षात ते जमिनीचे नियम आहेत. आणि जमिनीचा नियम म्हटला की तो कोणाच्या सोयीचा, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

मुंबईपासून आरंभ करतो. ज्या कायद्याने त्या शहराचा कारभार चालतो, तो मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 सालचा आहे. आयुक्तांच्या परवान्यावाचून कोणत्या वस्तू बाळगता येत नाहीत आणि कोणते धंदे करता येत नाहीत, हे त्याच्या 394 व्या कलमात सांगितले आहे. त्यात घोडे, गुरे आणि इतर चौपायी जनावरेही येतात. पण ती कोणती? विक्रीसाठी ठेवलेली, भाड्याने देण्यासाठी ठेवलेली, ज्यांच्यापासून काही मोबदला मिळतो अशी. म्हणजे कायद्याची नजर जनावराकडे वळते ती पैशाच्या वाटेने. 1888 साली हे समजण्यासारखे होते. त्या काळी मुंबईची ट्रामसुद्धा घोडेच ओढीत, आणि हजारो जनावरांचे मलमूत्र दाट वस्तीत साचू देणे म्हणजे रोगराईला आमंत्रण होते. परवान्याची अट तेव्हाही योग्य होती, आजही योग्य आहे.

मग घोडे कोठे पेंड खाते? तर ते असे. व्हिक्टोरिया गाडीला परवाना मिळे तो सार्वजनिक वाहनांसंबंधीच्या 1920 च्या कायद्याखाली, पोलिसांकडून. गाडीच्या मागे क्रमांकाचा बिल्ला असे. पण ती गाडी ओढणारा घोडा रात्री ज्या छपराखाली उभा राही, त्या छपराला पालिकेचा परवाना नसे. गाडी कायदेशीर, तबेला बेकायदेशीर, आणि घोडा दोहोंच्या मध्ये उभा! कित्येक वर्षे हे असेच चालले. पालिकेला ते दिसत नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जी गोष्ट बेकायदेशीर ठेवून चालू दिली जाते, तिच्यावर कोणाचे तरी हात ओले होतात. गरिबाच्या धंद्याला परवाना नाकारायचा आणि धंदा मात्र चालू द्यायचा, ही आपल्या शहरांची जुनी रीत आहे. फेरीवाल्यांमध्ये काम करणाऱ्या साथींना ती अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

8 जून 2015 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणी निकाल दिला. केवळ मौजेखातर घोडागाडीची फेरी मारणे हे 1920 च्या कायद्यातील सार्वजनिक वाहतुकीत बसत नाही, माणसाच्या करमणुकीसाठी जनावराला असे राबवणे हे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याविरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. एका वर्षाच्या आत या गाड्या बंद कराव्यात, परवाना नसलेले तबेले बंद करावेत आणि या धंद्यावर जगणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना शासनाने तयार करावी, असे आदेश झाले.

साथींनो, त्या वेळी आपल्या मंडळींनी काय केले? सुमारे सातशे कुटुंबे देशोधडीला लागणार, हा आकडा वर्तमानपत्रांत आला आणि आपण ताबडतोब निषेधाची भाषा सुरू केली. श्रीमंतांना भूतदयेचा पुळका आला आहे, असे आपण म्हणालो. मीही म्हणालो. आज मला ते पुरेसे वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगितलेच पाहिजे.

त्या पावसाळ्यात मी दक्षिण मुंबईतल्या एका तबेल्यात गेलो होतो. गल्लीच्या टोकाला पत्र्याचे छप्पर, खाली फुटकी फरशी, उतार चुकलेला. घोटाभर पाण्यात चार घोडी उभी होती. एकीच्या खांद्यावर जू घासून पडलेली जखम होती आणि तिच्यावर हळद लिंपलेली होती. घोडे उभ्याउभ्याही झोप घेते हे खरे, पण त्याला काही वेळ आडवे व्हावेच लागते. तेथे आडवे होण्याजोगी कोरडी जागा नव्हती. त्याच छपराखाली, माळ्यावर, दोन सईस राहत होते. त्यांनाही आडवे होण्यापुरतीच जागा होती. मालक तेथे राहत नव्हता. सईसाला रोजाचे पैसे किती मिळतात हे मी विचारले, तेव्हा तो मालकाच्या मुलाकडे पाहू लागला.

भूतदयेच्या नावाने नाक मुरडण्यापूर्वी हे दृश्य आपण पाहायला हवे होते. जनावराची यातना खरी होती. आणि ज्याला आपण 'घोडेवाला' असे एकाच शब्दात संबोधत होतो, त्यात गाड्यांचा मालक, रोजावर गाडी हाकणारा आणि खरारा करणारा सईस असे तीन थर होते. आपण मालकांच्या संघटनेशी बोललो आणि सर्वांशी बोललो असे समजलो. समाजवादी कार्यकर्त्याने निदान ही चूक करू नये.

हे मान्य केल्यावरही माझा आक्षेप उरतोच. तबेला वाईट होता, कारण चांगल्या तबेल्याला शहराच्या नकाशात जागाच दिलेली नव्हती. दिवसाला पंधरावीस किलो लीद टाकणाऱ्या, वीसतीस लिटर पाणी पिणाऱ्या जनावराला निचऱ्याची फरशी, हवा, लिदीची खाच आणि चंदीवैरण ठेवायला कोरडी खोली लागते. ज्याच्याकडे परवाना नाही, तो यावर पैसा घालत नाही. उद्या पाडली जाणारी भिंत आज कोण बांधील?

येथे एक जुने उदाहरण आठवावे. मुंबईतले म्हशींचे गोठे वस्तीतून हलवावेत असे शासनाने स्वातंत्र्यानंतर लगेच ठरवले. ते केवळ हुकूम काढून थांबले नाही. 1949 साली गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभी राहिली. तीन हजारांहून अधिक एकर जमीन, गोठे, कुरण, पाणी आणि दूध संकलनाची व्यवस्था, असे सारे तेथे झाले. त्या वसाहतीचे पुढे काय झाले हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. परंतु प्रथम जागा आणि नंतर बंदी, हा क्रम त्या वेळी पाळला गेला. म्हशीला जागा मिळाली, कारण तिचे दूध मध्यमवर्गाला हवे होते. व्हिक्टोरियाचा घोडा कोणाला हवा होता? मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी फेरी मारणाऱ्या पाहुण्यांना, तोही घटकाभर. 2015 च्या निकालात पुनर्वसनाचा आदेश होता, पण योजनेवरच शासनाने कितीतरी महिने घालवले. एकरकमी पैसे, फेरीवाल्याचा परवाना, असे पर्याय पुढे आले. घोडा हाकणाऱ्याला भज्यांची गाडी लावायला सांगणे हे पुनर्वसन कागदावर शोभते. 2021 साली व्हिक्टोरियाच्याच घाटाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत समारंभपूर्वक सुरू झाल्या. वरातीमागून घोडे म्हणतात, येथे तर घोड्यामागून वरात निघाली.

आता त्याच शहरातले दुसरे घोडे पाहू. महालक्ष्मीचे रेसकोर्स 1883 सालचे. सुमारे 211 एकर जमीन, तीही राज्य शासनाची आणि महापालिकेची, म्हणजे तुमची आमची. भाडेपट्टा 2013 साली संपला. त्यानंतरही वर्षानुवर्षे शर्यती चालू राहिल्या आणि वाटाघाटी चालू राहिल्या. अखेर 2024 साली ठरले ते असे: 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी पालिकेकडे आणि 91 एकर 30 वर्षांसाठी पुन्हा क्लबकडे. 120 एकर मोकळी राहत असतील तर मला आनंदच आहे, त्या जमिनीवर पुढे काय काय उगवते यावर मात्र डोळा ठेवावा लागेल. तेथील घोडे आजारी आहेत किंवा तबेले घाणेरडे आहेत, असेही मी म्हणत नाही. तेथे पशुवैद्य आहेत, पाणी आहे, सावली आहे. मला दिसतो तो एवढाच फरक की, पट्टा संपलेल्या 211 एकरांसाठी अकरा वर्षे चर्चा करायला शासनाला वेळ मिळाला, आणि पत्र्याच्या चार छपरांसाठी एक वर्षाची मुदत पुरेशी वाटली. घोडा दोन्हीकडे माणसाच्या करमणुकीसाठीच धावतो. तेथेही पहाटे उठून त्याला खरारा करणारा सईस हा मजूरच आहे.

येथे कोणी म्हणेल की, न्यायालयाचा दोष काय? न्यायालयाने कायदा सांगितला. खरे आहे. पण बंदी आणि भाकरी यांची सांगड घालण्याचे उदाहरण आपल्याच न्यायव्यवस्थेत आहे. पंजाब सरकारने 1975 साली कायदा केला की, सायकलरिक्षाचा परवाना जो स्वतः रिक्षा चालवतो त्या मालकालाच मिळेल. हेतू उत्तम, दलालांची पिळवणूक थांबवण्याचा. परंतु ज्याच्याकडे रिक्षा विकत घ्यायला पैसाच नाही, त्या भाड्याच्या चालकाचे काय? तो तर दलालाबरोबरच बाहेर फेकला गेला असता. 1980 साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा वैध की अवैध एवढ्यावर भागवले नाही. चालकांना बँकेचे कर्ज मिळून ते स्वतः मालक कसे होतील, याची योजनाच निकालात घालून दिली. समाजवाद असा हप्त्याहप्त्याने येतो की नाही यावर आपण वाद घालू, पण त्या रिक्षावाल्याच्या घरी चूल पेटली हे महत्त्वाचे.

तोच निकाल पंचेचाळीस वर्षांनी माथेरानच्या प्रकरणात पुन्हा उच्चारला गेला, आणि माथेरान हा माझ्या विषयाचा दुसरा अर्धा भाग आहे.

मुंबईत जमिनीच्या नियमाने घोडा बाहेर काढला. माथेरानमध्ये जमिनीच्या नियमानेच घोड्याला भाकरी दिली. 4 फेब्रुवारी 2003 च्या केंद्रीय अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. गावात मोटारीला मज्जाव, रुग्णवाहिका आणि आगीचा बंब यांचा अपवाद. मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढचे अडीचतीन किलोमीटर पायी, छोट्या आगगाडीने, घोड्यावरून किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षातून. सुमारे 460 परवानाधारक घोडे आणि 94 हातरिक्षा यांच्यावर त्या गावाची ये-जा चालत आली. भाई कोतवालांचे हे गाव. नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला, गावच्या नगरपालिकेत निवडून गेला आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाला. त्यांच्या गावात स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे माणूस माणसाला ओढत राहिला, ही लाज आपण सर्वांनी वाटून घ्यावी.

हातरिक्षा ओढणाऱ्यांनी ई-रिक्षाची मागणी केली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. 2022 च्या अखेरीस प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या. 6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याची योजना राबवण्याचा आदेश दिला. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. या आदेशाचे मी निःसंकोच स्वागत करतो.

परंतु घोडेवाल्यांनी ई-रिक्षाला विरोध केला, आणि येथे आपल्या कार्यकर्त्यांची कुचंबणा झाली. दोन गरीब समोरासमोर उभे राहिले की आपण गप्प बसतो. मी म्हणतो, गप्प बसू नये. हातरिक्षा आणि घोडा यांत निवड करायची झाली, तर ज्याच्या खांद्यावर जू आहे त्या माणसाच्या बाजूने प्रथम उभे राहावे. नंतर त्याच दमात घोडेवाल्याकडे वळून विचारावे की, तुमची भीती कोणती? ती भीती पोकळ नाही. दस्तुरी ते बाजारपेठ ही घोड्याची हमखास मिळकत. ती ई-रिक्षाने घेतली की उरतात ते पॉइंट दाखवण्याच्या फेऱ्या, त्याही सुट्टीच्या दिवशी. घोडा मात्र सोमवारीही चंदी खातो.

रस्त्याचा प्रश्नही असाच. ई-रिक्षाला पक्का पृष्ठभाग लागतो, घोड्याची नाल त्याच पृष्ठभागावर घसरते. लाल मातीचा रस्ता घोड्याला मानवतो, पण पावसात वाहून जातो. त्याच आदेशात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक मान्य झाले, अंतर्गत रस्त्यांवर नाहीत. ही विभागणी मला शहाणपणाची वाटते. एका वाटेवर चाक, दुसऱ्या वाटांवर खूर. प्रश्न फक्त एवढाच की, खुराच्या वाटेवर मिळकत किती राहणार, आणि त्याचा हिशेब कोणी केलेला नाही. आदेशातली योजना मुख्यतः हातरिक्षावाल्यांसाठी आहे. उद्या घोड्यांची संख्या आपोआप घटेल आणि ते सगळ्यांच्या सोयीचे होईल, असे पुष्कळांच्या मनात असावे. आपोआप घटणे म्हणजे काय, तर एकेका कुटुंबाने घोडा विकून नेरळला किंवा कल्याणला मजुरीला जाणे.

घोडेवाले साधुसंत नाहीत, हेही मी येथे सांगून टाकतो. नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते, गाडी बंद आहे असे सांगून घोड्यावर बसवले जाते, अशा तक्रारींवरून मार्च 2025 मध्ये माथेरानकरांनी गावच बंद ठेवले. संघटना म्हणून उभे राहायचे असेल तर दरफलक, पाळीपद्धत आणि खोटे बोलणाऱ्याला नाक्यावरून हटवण्याची हिंमत घोडेवाल्यांनीच दाखवली पाहिजे. बाहेरून आलेल्या पुढाऱ्याला हे सांगणे अप्रिय वाटते, म्हणून तो घोषणा देऊन निघून जातो.

आता आपण मागायचे काय? 'घोडे वाचवा' किंवा 'घोडे हटवा' यांपैकी कोणतीही घोषणा मला पसंत नाही. आपली मागणी जागेची असावी. माथेरानच्या विभागीय आराखड्यात पागेसाठी निश्चित भूखंड हवेत, आणि ते शार्लोट तलावाकडे उतरणाऱ्या पाण्याच्या वाटेवर नसावेत, कारण गाव तेच पाणी पिते. लिदीचे खत करण्याची सोय पागेलगतच हवी. भूखंड नगरपरिषदेच्या मालकीचा राहावा आणि सहकारी संस्थेला नाममात्र भाड्याने मिळावा. एकदा का पागा खाजगी झाली की तिच्या जागी हॉटेल यायला किती पावसाळे लागतील, ते तुम्हीच सांगा.

दुसरी गोष्ट कामाच्या तासांची. ओझ्याच्या जनावरांसंबंधीचे 1965 चे केंद्रीय नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक काम नाही, सलग पाच तासांवर नाही, पारा 37 अंशांच्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन काम नाही. नालबंदालाही परवाना लागतो, असा नियम त्याच वर्षीचा आहे. हे नियम कोणी वाचले आहेत? मी वाचले तेव्हा मला प्रथम वाटले की, घोड्याला मिळालेले हे नऊ तास सईसाला अजून मिळायचे आहेत. दोघांचे तास एकाच फलकावर लिहून नाक्यावर लावावेत, अशी माझी सूचना आहे. घोड्याचे तास मोजायला येणारा निरीक्षक माणसाचेही मोजील.

पुण्यामुंबईच्या आसपास हल्ली घोडेस्वारी शिकवणारे वर्ग निघाले आहेत, सधन घरची मुले तेथे जातात. जावोत बापडी. तेथे नोकरीला लागलेला सईस हाही आपलाच माणूस आहे, आणि त्याच्यापर्यंत आपले पत्रकसुद्धा पोचलेले नाही.

माथेरानहून आलेले दोन साथी मागे बसले आहेत. त्यांतले एक ई-रिक्षा चालवतात, दुसऱ्यांच्या घरी दोन घोडे आहेत, आणि येताना दोघे एकाच गाडीने आले. आराखड्यावर हरकती कशा नोंदवाव्यात याचा मसुदा त्यांनी मिळून तयार केला आहे. उरलेला वेळ त्यांचा आहे.